लोरेटाच्या शेजारची जागा

मिस वर्नेलला मरणाची भीती नव्हती. काळजी होती ती पुरण्याच्या जागेची. पोटातला कॅन्सर पसरलाय हे कळलं, त्या दिवशी दवाखान्याच्या पार्किंगमध्येच तिने मला बजावलं, "रेणू, मला लोरेटाच्या शेजारी ठेवायचं. दुसरीकडे कुठेही नाही." लोरेटा ही तिची एकुलती एक मुलगी. जन्मून महिनाही झाला नव्हता, तेव्हा तापाने गेली. त्याला साठ वर्षं होत आली होती. ती जिथे आहे ती जागा आपल्याला डोळे मिटून सापडते, असं मिस वर्नेल म्हणाली, तेव्हा चर्चच्या आवारातलीच एखादी जागा असेल असं मला वाटलं.

मिस वर्नेल माझ्या लेकीच्या, अनिकाच्या, शाळेच्या बसची ड्रायव्हर. अमेरिकेच्या या दक्षिण भागात वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, आपण मावशी म्हणतो तसं. अंगाने थोराड, जिभेने फटकळ. बसमध्ये गोंधळ घालणाऱ्या आमच्या देशी कार्ट्यांकडे ती आरशातून नुसतं बघायची, की सगळे चिडीचूप. रिटायर झाल्यावर तिचं जवळचं कुणी उरलं नाही, म्हणून दवाखान्यात तिला मी न्यायचे. जाताना ती माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायची, येताना गप्प असायची.

कॅरी गावातली आमची कॉलनी आज उभी आहे, तिथे पूर्वी तंबाखूची शेतं होती. तिचे खापरपणजोबा त्या शेतांवर गुलाम होते. आजोबा आणि वडील तीच जमीन वाट्याने कसायचे. मग बिल्डर आला, घरं उठली, आणि पुण्यानागपूरचे आम्ही लोक हौसेने राहायला आलो. कुणाच्या अंगणात राहतोय, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता मोहनकाकांबद्दल सांगायला हवं. पुण्यातून रिटायर होऊन मुलाकडे आलेले. माणूस सोन्यासारखा, पण त्यांना रिकामं बसवत नाही. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी कॉलनीमागची पाइनची झाडी साफ करायचं काढलं. सगळ्यांना एकसारखे टीशर्ट वाटले. मी त्या दिवशी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होते. परत आले तर ते दारातच भेटले.

"अगं रेणू, अख्खी झाडी क्लीन केली! काय काय निघालं म्हणून सांगू. फुटके कप, बशा, कंदिलाच्या काचा, बंद पडलेली घड्याळं, औषधांच्या बाटल्या. लोक कुठेही डम्प करतात. शी! घरात फुटकी बशी नको, आणि इथे ढीग! आणि जमिनीला खड्डे किती. पोरांचे पाय मुरगळायचे. सगळे भरून घेतले, वरून झाडांच्या सालींचा भुसा, मल्च टाकलं."

झाडी खरोखर एखाद्या बागेसारखी दिसत होती. त्यांनी फोटोही दाखवले.

रविवारी सकाळी मिस वर्नेलचा फोन आला. शब्द कळत नव्हते, नुसतं रडणं. 'झाडी' एवढा एकच शब्द कसाबसा कळला. मी धावत गेले. ती मल्चवर गुडघे टेकून हातांनी उकरत होती. नखांत माती, डोक्यावरची टोपी पडलेली. मला धावताना पाहून मोहनकाकाही मागून आले.

"बाटली कुठाय?" ती ओरडली. "माझ्या बाळाची दुधाची बाटली कुठाय?"

तेव्हा कुठे आम्हाला समजलं. ती थडगी होती. गोऱ्यांच्या दफनभूमीत यांना जागा नव्हती, दगड घडवायची ऐपत नव्हती, लाकडी क्रूस कधीच कुजले होते. माणसाने शेवटी जे हाताळलं ते त्याच्या थडग्यावर ठेवायचं, ही यांची रीत. आजीच्या थडग्यावर तिची बशी, काकाच्या थडग्यावर त्याचं घड्याळ. लोरेटाच्या थडग्यावर काचेची दुधाची बाटली, तोंड मातीत रोवलेली. जिथे जमीन खचलेली, तिथे खाली एकेक माणूस. मोहनकाकांनी भरले ते खड्डे हेच.

"पण फुटकं का?" काकांनी विचारलं.

"मुद्दाम फोडतात," ती म्हणाली. "मेलेल्याचा घराशी संबंध तुटावा म्हणून. नाहीतर तो मागच्यांना ओढून नेतो. आजी शिकवायची. तिला तिच्या आजीने शिकवलं होतं."

ही चाल आफ्रिकेतून, काँगो नदीच्या मुलखातून आली असं अभ्यासक सांगतात. जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांची भाषा गेली, नावं गेली, देव बदलले. मेलेल्यासाठी बशी फोडणं तेवढं राहिलं. आणि ते आम्ही काळ्या पिशव्यांत भरून फेकलं.

मोहनकाका तिच्या शेजारी बसून हातांनी मल्च बाजूला सारू लागले. "मी बाबांचं मडकं फोडलंय गं," ते मराठीत म्हणाले. "माझ्या या हातांनी. खांद्यावर घेऊन, तीन फेऱ्या मारून. मला कळायला हवं होतं."

कचऱ्याची गाडी केव्हाच येऊन गेली होती. काका दोनदा कचरा डेपोवर जाऊन आले. त्यांना आत घेतलं नाही, आणि घेतलं असतं तरी काय सापडणार होतं?

कॉलनीच्या कमिटीने मिस वर्नेलला तिथे पुरायची परवानगी लगेच दिली. लाज वाटत होती सगळ्यांना. तिच्या चर्चच्या पाद्रींनी जमिनीखालचं दाखवणारं मशीन मागवलं. मोठ्या माणसांच्या कबरी पडद्यावर पुसटशा दिसल्या. तान्ह्या मुलांचं काही दिसेना. एवढंसं शरीर, साठ वर्षं, त्यात हाडंही विरघळवणारी ही आम्लधर्मी लाल माती. त्या कोपऱ्यात आणखी बरीच मुलं होती, हे मिस वर्नेलला माहीत होतं. ती काठी टेकत फिरली. इथे थांबली, तिथे थांबली. बाटलीवाचून तिला जागा ओळखू येईना, झाडं सगळी सारखीच.

"अंदाजाने सांगा," पाद्री हळूच म्हणाले. "आपण इथे खोदू."

"आणि खाली दुसऱ्या कुणाचं लेकरू निघालं तर?" ती म्हणाली. "त्याला फावडं लागेल."

तो विषय तिथेच संपला. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मोहनकाकांवर रागवावं तर तेही जेवण सोडून बसले होते.

डिसेंबरात तिने अंथरूण धरलं. उशाशी निळ्या काठाचा कप असायचा, शेवटी शेवटी त्यातून ती घोट घोट पाणी प्यायची. एका दुपारी तिने माझं मनगट पकडलं.

"मी गेले की चर्चच्या बायका हा कप फोडतील. फोडू देऊ नकोस. माझ्यावर काहीही ठेवायचं नाही."

"पण रीत आहे ना तुमची?"

"रीत संबंध तोडायची आहे. तुटला की मी निघून जाणार. मला जायचं नाहीये, रेणू. मला इथेच राहून लोरेटाला शोधायचंय."

तिला गावच्या दफनभूमीत पुरलं, अनोळखी माणसांच्या रांगेत. मोहनकाका लांब कुंपणापाशी उभे होते. पुढे यायची त्यांची हिंमत झाली नाही. माती लोटून झाल्यावर एका म्हाताऱ्या बाईने माझ्यापुढे हात केला. कप माझ्याकडे आहे, हे तिला ठाऊक होतं. मी नाही म्हटलं.

"पोरी, अशाने तिला शांती कशी मिळेल?"

"तिला नकोय," मी म्हटलं, आणि कप तसाच अख्खा पर्समध्ये ठेवला.