कांताबाईच्या स्वयंपाकघरातली भिंत

बीरगांवात कांताबाईची मेस कुठे म्हणून विचारा, कोणीही हात धरून दारात नेऊन सोडेल. नवरा गेल्यावर तिनं जवळच्या उरला इथल्या कारखान्यांतल्या कामगारांचे डबे धरले. दोन सुना आल्या आणि मेसनं असा जोर धरला की पाहत राहावं. थोरली नीलिमा लाटायची, धाकटी चेतना भाजायची. लाटलेली पोळी इकडून सुटली की थेट तव्यावर. मान वर करायचं काम नाही.

मग बिनसलं. कशावरून, तर कूलरचं तोंड कोणाच्या खोलीकडे ठेवायचं यावरून. कूलर राहिला बाजूला, घराचीच वाटणी झाली. थोरला धम्मदीप आणि धाकटा राकेश या तिच्या मुलांनी स्वयंपाकघराच्या मधोमध, ओट्यावरून, विटांची भिंत चढवली. डबेही अर्धे तुझे, अर्धे माझे.

झालं, डबे उष्टे परत येऊ लागले. नीलिमाच्या पोळ्या करपलेल्या, चेतनाच्या गादीसारख्या जाड. कारखान्याच्या सुपरवायझरनं काल निरोप धाडला: उद्या पोळ्या धड नसल्या, किंवा भोंगा वाजल्यावर आल्या, तर दुसरी मेस पाहू.

आज कांताबाई पहाटेपासून दोन दारांत धावत होती. नीलिमानं लाटलेल्या पोळ्या ताटात घेऊन अंगणातून वळसा मारायचा, चेतनाकडे पोचवायच्या. पोचेपर्यंत पोळ्या एकमेकींना चिकटून नुसता गोळा. राकेश बाहेर मोटारसायकलवर बसून सारखं रस्त्याकडे पाहत होता.

"आई, अजून किती?"

कांताबाईनं ताट खाली ठेवलं आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

"काय करून राहिली?" धम्मदीप धावत आला. "भिंत पडन ना."

"पडू दे. मेस पडली तर खाशीन काय, विटा?"

गिलावा झाला नव्हता. ओट्याच्या वरच्या चार विटा निघाल्या, धूळ उडाली. नीलिमानं कणकेवर पदर धरला. मग एक पोळी लाटली आणि हात भोकातून पलीकडे केला.

पोळी लोंबकळत राहिली. घेतंय कोण? पलीकडच्या तव्यावरून धूर निघत होता.

अखेर पलीकडून हात आला.

"दीदी, थोड़ा पतला बेलो," चेतना तिच्या माहेरच्या हिंदीत म्हणाली.

"तू तवा सांभाळ. मले नको शिकवू."

इतक्या दिवसांतलं हे दोघींचं पहिलं बोलणं. पण हात चालू लागले ते लागलेच. पोळीमागं पोळी. डब्यांची झाकणं लागली, राकेशनं किक मारली. तो वळणावर दिसेनासा झाला आणि भोंगा वाजला. तो कारखान्याच्या फाटकापाशी पोचला होता की नव्हता, कोण सांगणार?

दुपारी डबे आले. तिनं एकेक झाकण उघडलं. सगळे चाटूनपुसून रिकामे.

संध्याकाळी धम्मदीप घमेल्यात सिमेंट कालवू लागला. भोक बुजवतो की काय हा, असं कांताबाईला वाटलं. ती दारात उभी राहिली. त्यानं थापी घेतली, भोकाच्या कडा गुळगुळीत केल्या आणि खालच्या बाजूला ताट मावेल एवढी फरशी बसवली.

"हात खरचटतात त्याहिचे," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला.