घरघंटीशेजारचा फोटो

मुलुंड पूर्वेला आमचं एक महिला स्वावलंबन मंडळ आहे. मंडळ महिलांचं, समितीत मात्र आम्ही निवृत्त पुरुष. मी सचिव. गरजू बाईला धंद्यासाठी अनुदान द्यायचं, पण पहिला हप्ता वस्तूच्या रूपात, कारण वस्तू फोटोत दिसते. म्हणून शिलाई मशीन, नाहीतर घरघंटी. बाईला काय हवंय हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

एका बाईने न विचारताच सांगितलं. मूळची मालवणकडची. नवरा रिक्षा चालवायचा, तो अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. दोन मुली शाळेत. "काका, मला बर्फाची मोठी पेटी द्या. मासे विकेन. घंटी घेऊन काय करू? आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे ना."

अध्यक्ष म्हणाले, "स्टेजवर मासळीची पेटी? अहो, देणगीदार शाकाहारी आहेत." देणगीदाराला कुणी विचारलं नाही. आम्ही समितीवाले मात्र रविवारी सुरमईवर ताव मारणारे. तिला घरघंटी मिळाली. हार घातलेल्या घंटीशेजारी ती हसेना, म्हणून फोटोग्राफरने तिला टोकलंसुद्धा.

दुसरा हप्ता रोख, पण पाहणी करून. आम्ही तिच्या घरी गेलो तर घंटी गायब, दारात बर्फाची पेटी.

"विकली," ती म्हणाली. "ह्यांची औषधं आता पेटीवर चालतात. हप्ता आला की बाजारात बसायची जागा घेते."

जिना उतरताना अध्यक्ष म्हणाले, "सरळ फसवणूक आहे. हप्ता बंद." मी सही केली. ती मासे विकून घर चालवते हे मला ठाऊक होतं. तिच्याकडचे बांगडे आदल्याच आठवड्यात मी खाल्ले होते.

जागा हातची गेली. पेटी घरी ठेवून ती पाटी घेऊन दारोदार फिरली. मुली शिकल्या, तिचे गुडघे गेले.

यंदाच्या स्मरणिकेसाठी अध्यक्षांनी तोच जुना फोटो निवडला. मथळा, 'घरघंटीने सावरलेला संसार'. मजकूर मी लिहायचा. मी तिला विचारायला गेलो.

"घंटीनेच सावरलं की, काका," ती म्हणाली. "चांगला भाव आला तिला."

"आणि हप्त्याचं?"

"ते तुम्ही लिहा ना. मला काय विचारता?"

मी लिहिलं. चांगल्या कामाला गालबोट नको, म्हणत समितीने तेवढंच कापलं. म्हणून इथे लिहितो. तिचा संसार आम्ही सावरला नाही. हप्ता आम्ही अडवला, आणि तो दिला असता तर तिला आमच्यासारख्यांचे जिने चढावे लागले नसते.