परगावच्या अंघोळी

कोंडा आणि किस्से यांचं एक आहे. कितीही झटका, कुठेतरी थोडे उरतातच. आणि आम्ही तिघं तर दोन्हींच्या धंद्यातले!

गोंदियाहून बाहेरगावी जाऊन राइस मिलच्या मशिनी बसवायचं आमचं काम. देवाजीभाऊ हेडमिस्त्री, मोरेश्वर वेल्डर आणि मी इलेक्ट्रिशियन. नव्व्याण्णव साली सुरुवात केली, ती पुढे दहा-बारा वर्षं चालली. मशीन चालू करून बघितली की कोंडा कॉलरमधून आत शिरतो आणि अंग असं खाजतं की लॉजमधल्या एका बादलीनं काही भागत नाही. म्हणून काम आटोपलं की आम्ही अंघोळीचं दुकान शोधायचो. कुठे हमाम, कुठे स्टीमबाथ, पुढे पुढे स्पा. आत शिरताना तिघांच्याही मनात एकच शंका असायची, हे लोक आपल्याला फसवणार कसे?

*

पहिला हमाम भोपाळच्या जुन्या वस्तीतला. दारातच कपडे काढून ठेवायचे आणि पंचा गुंडाळून आत जायचं. देवाजीभाऊंनी कपडे दिले, घड्याळ दिलं, पण हातातला मोठा पाना काही देईनात. हा पाना त्यांच्या उस्तादानं दिलेला, तो ते जेवतानाही मांडीखाली ठेवायचे.

हमामवाला म्हणाला, "चाचा, अंदर इसका क्या काम?"

"काम नहीं है, पर बाहर इसका भरोसा नहीं!"

आत फरशी खालून तापवलेली. भाऊंनी पाना नेहमीसारखा मांडीखाली सरकवला आणि डोळे मिटून बसले. पाच मिनिटांत असे उडाले की पंचा एकीकडे आणि भाऊ दुसरीकडे! हमामवाला धावत आला, "क्या हुआ?"

भाऊ मांडी चोळत म्हणाले, "कुछ नहीं. घर का ही आदमी काटा!"

*

हैदराबादला स्टीमबाथचं लाकडी खोकं होतं. माणूस आत, मुंडकं बाहेर. मोरेश्वरनं ते बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. त्यानं मिलचे बॉयलर जोडलेले, वाफेची त्याला चांगलीच ओळख.

"वाफ कुठून येऊन राहिली? सेफ्टी वॉल्व कुठं हाय?"

मालकाला सेफ्टी वॉल्व म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मोरेश्वर पंच्यावरच मागच्या खोलीत गेला. तिथे एक जुनाट टाकी, जोड गळतोय, वरचा वॉल्व तारेनं बांधून ठेवलेला! त्यानं मालकाला झापलं, आमच्या पिशवीतून सामान काढलं आणि दोन तास खपून सगळं ठीक केलं. मालक इतका खूश झाला की आम्हा दोघांना फुकट वाफ दिली, वर लिंबूसरबत पाजलं.

मोरेश्वर मात्र मागची आवराआवर करून काजळीनं नखशिखांत काळा होऊन बाहेर आला, तोवर टाकी थंड झाली होती. बिचाऱ्यानं लॉजवर बादलीच घेतली.

*

हा किस्सा अंघोळीचा नाही, पण मध्ये सांगायलाच हवा. देवाजीभाऊंची बायको कुसुमवहिनी, माहेर अर्जुनी मोरगावचं. लग्नाआधी त्या मिलमध्ये धान वाळवायच्या, पोती ओढायच्या.

एकदा त्या भाऊंचा डबा घेऊन आमच्या शेठच्या गोंदियातल्या मिलवर आल्या. शेठच्या टेबलावर एका दलालानं कोंड्याचा नमुना ठेवला होता, अरवा म्हणून. अरवा म्हणजे कच्च्या धानाचा. वहिनींनी जाता जाता चिमूट उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "हा अरवा नोहे. उसना हाय. धान उकडलं हाय याचं."

दलालानं मुकाट्यानं पिशवी उचलली. शेठ बघतच राहिला, "बाई की नाक है के लॅबोरेटरी!"

*

मग एका वर्षी आमच्या गल्लीतल्या एका माणसाचं नाव पेपरात आलं. कुठल्याशा शहरात मसाजच्या दुकानावर धाड पडली आणि हा आत सापडला. गल्लीतल्या सगळ्या बायका एका दिवसात पोलीस झाल्या! माझ्या बायकोनं माझी बॅग उलटी करून झटकली. वहिनींनी तसलं काही केलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यावर माहा भरोसा हाय, त्या दुकानाईवर नाही. तिथं पाय ठेवला तं मी माहेरी गेली समजा. मंग घेवाले येवाचं नाही."

भाऊ खरोखर घाबरले. रोलर उचलून उचलून त्यांची कंबर गेली होती, उजवा हात खांद्यामागे वळत नव्हता. पाठीला तेल वहिनीच लावायच्या. मला म्हणाले, "थे गेली तं मले खाटेवरून उठवन कोण? आन् उठून तरी का करू?"

त्यानंतर वर्षभर आम्ही बादलीवरच काढलं.

*

पण रायपूरला कंबरेनं दगा दिला. अरवा मिलचं काम होतं. शेवटच्या दिवशी भाऊ मशीनखालून बाहेरच येईनात. दोघांनी ओढून काढलं. समोरच नवा स्पा उघडला होता. मोरेश्वर म्हणाला, "चला भाऊ, कोण पाहून राहिलं?"

आत काचेचं टेबल, मागे एक मुलगी. तिनं तिघांसमोर तीन फॉर्म ठेवले. नाव, गाव, आजार, खाली सही.

भाऊ माझ्या कानात म्हणाले, "सही कायले पाहिजे? उद्या धाड पडली तं हेच कागद पेपरवाल्याईले देतीन!" मला पटलं. मोरेश्वरलाही पटलं. खरं नाव कुणीच लिहिलं नाही. मुलीनं फॉर्म एकावर एक ठेवले, वाचले, पुन्हा वाचले. तिघांनीही आमच्या शेठचंच नाव लिहिलं होतं, गुलाबचंद!

"आप तीनों एक ही आदमी हैं?"

भाऊंनी कंबर धरूनच उत्तर दिलं, "हाँ मॅडम. तीन शिफ्ट में चलता हूँ."

मालिश करणारा साठीचा, पांढऱ्या मिशांचा पहिलवान निघाला. त्यानं भाऊंना तासभर रगडलं. गेलेले भाऊ वाकून आणि आलेले भाऊ ताठ! आम्ही तिघंही खूश होतो. मग गाडीत बसलो आणि समोरची बाई नाक वर करून म्हणाली, "कहाँ से गुलाब की खुशबू आ रही है?"

*

भाऊंचा चेहरा पडला. गोंदिया येईपर्यंत त्यांनी डब्यातल्या नळावर तीनदा मान धुतली, वास तसाच. स्टेशनवर उतरल्यावर घराकडे पाय निघेना.

तेव्हा अक्कल मीच पाजळली. "भाऊ, कोंडा लावू. मिलमधून सरळ आल्यासारखं वाटेल."

स्टेशनजवळच्या ओळखीच्या मिलमध्ये गेलो. दोन ओंजळी कोंडा घेतला. भाऊंनी मानेला, छातीला, हाताला चोळला. पाठीला मी चोळला, चांगला दाबून. वास गेला. भाऊंनी मला धीरासाठी सोबत घेतलं.

वहिनींनी माझ्या हाती पाण्याचा तांब्या दिला. भाऊंच्या जवळ आल्या, कॉलरवरचा कोंडा बोटावर घेतला आणि नाकाशी नेला.

"रायपूरची मिल अरवाची होती ना?"

"हो."

"हा तं उसना हाय."

वहिनींनी भाऊंचा सदरा मागून वर केला, पाठ बघितली आणि माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुमी लावला ना? यांचा हात तं तिथवर पोचत नाही."

मी तांब्यात बघत राहिलो. भाऊंनी मग सगळं सांगून टाकलं, स्पा, फॉर्म, गुलाबाचं तेल, काही लपवलं नाही. वहिनी आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. भाऊ भिंतीला टेकून खाली बसले.

वहिनी बाहेर आल्या. हातात धुतलेला सदरा होता.

"मालिश कोणं केली?"

"म्हातारा होता. पांढऱ्या मिशावाला."

"कंबरेले आराम पडला?"

"पडला."

त्यांनी सदरा भाऊंच्या मांडीवर टाकला.

"त्याच्याकडं बायाईले मालिश करणारी बाई हाय का, इचारून ठेवा. पुढच्या खेपेले मी येतो. पोते ओढू ओढू माही बी कंबर वीस वर्सापासून दुखून राहिली."