सुटली म्हण

वर्तकनगरात पोपटराव डुंबऱ्यांचं घर विचारलं की सांगणारा आधी हसतो आणि मग पत्ता सांगतो. जुन्नरकडच्या आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव. इकडे ठाण्यात कुणाची फजिती झाली की ‘त्याचा पोपट झाला’ म्हणतात, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? पोपटरावांनी मात्र ते कधी मनाला लावून घेतलं नाही. नवीन ओळख झाली की तेच आधी सांगून टाकत, मी पोपट, हसून घ्या, मग कामाचं बोलू.

काम लिफ्टदुरुस्तीचं. डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींच्या कुरकुरणाऱ्या लिफ्टपासून घोडबंदर रोडच्या टॉवरांपर्यंत सगळीकडे त्यांचा हात फिरलेला. लोकांना वाटायचं, या माणसाची चैन आहे, रोज चाळीस मजले वर जातो, खाडी बघतो, येऊरचे डोंगर बघतो. यावर हसावं की रडावं हे पोपटरावांना कळायचं नाही. लिफ्टच्या शाफ्टला खिडकी नसते. वर जाताना भिंत, खाली येताना तीच भिंत, ग्रीसचा वास आणि रंगवलेले मजल्यांचे आकडे. सबंध उमेदीत ते दोन-चार हिमालय तरी चढले असतील, पण दिसलं काय, तर सिमेंट. ही एक रुखरुख सोडली तर गडी सुखी होता.

सात-आठ वर्षांपूर्वी डोंबिवलीत लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करताना त्यांचा पाय घसरला. चूक त्यांचीच. पट्टा कमरेला होता, पण त्याचा आकडा अडकवलेला नव्हता. पाच मिनिटांचं तर काम, कशाला अडकवायचा, असा हिशेब. तळाच्या खड्ड्यात पडले, खांदा मोडला, दोन बरगड्या गेल्या. इस्पितळात त्यांची बायको मालनबाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याचा धड राहिलेला हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "परत कुठं उंचावर लोंबकळलात तर तुम्हाला माझी शपथ."

आता शपथेचा आपल्याकडे एक कायदा आहे. मोडणाऱ्याला काही होत नाही. जिची घातली तिचं बरंवाईट होतं. आणि जिनं घातली तिनंच ‘सुटली’ म्हटलं तर ती सुटते, एरवी ब्रह्मदेवाच्या बापाला सुटत नाही. गोट्या खेळणाऱ्या पोरांनाही हा कायदा पाठ असतो. पोपटरावांनी तो इमानेइतबारे पाळला. शाफ्टमधली कामं हाताखालच्या माणसांना दिली आणि स्वतः मोटाररूममध्ये बसू लागले. घरी तर पंखा पुसायलाही ते स्टुलावर चढेनात. दिवाळीच्या साफसफाईत मालनबाई वर आणि हे खाली स्टूल धरून, "शपथ तुझीच आहे बाई," म्हणत उभे.

अशा माणसाच्या डोक्यात विमानातून उडी मारायचं खूळ शिरलं ते लेकीमुळे. योगिनी ही त्यांची एकुलती एक, शहाडला दिलेली. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं पॅराशूटची उडी मारली होती, त्याचा व्हिडिओ तिनं बापाला सहज दाखवला. पोपटरावांनी तो पाहिला, परत पाहिला, फोन गरम होईपर्यंत पाहिला. वर जायचं आणि चारी बाजूंना भिंत म्हणून नाही. पुढच्या रविवारी त्यांनी लेकीला हळूच विचारलं की त्या उडीला वयाची अट असते का.

वयाला डॉक्टरचा दाखला चालत होता, खरी अडचण वजनाची होती. उज्जैनजवळच्या एका धावपट्टीवर हिवाळ्यात कॅम्प भरायचा. तिथं शिकवणाऱ्याच्या छातीला बांधून नेतात, म्हणून पुरुषाला नव्वद किलोची मर्यादा आणि बाईला पंच्याहत्तरची. योगिनीनं काटा आणून दिला. पोपटराव शहाण्णव भरले.

म्हणून त्यांनी सोमवार धरले. खरं कारण घरात सांगायची सोय नव्हती. पॅराशूटखाली माणूस लोंबकळतच येतो, यात पळवाट काढायला जागा नाही, हे त्यांना कळत होतं. पहिल्या सोमवारी मालनबाईंनी कौतुकानं साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर रताळ्याच्या गोड फोडी असं ताट वाढलं. एकादशी आणि दुप्पट खाशी, तसा यांचा सोमवार. महिन्याभरानं काटा सत्त्याण्णव दाखवू लागला आणि योगिनी फोनवर हसून हसून बेजार झाली. मग पोपटरावांनी जाहीर केलं की यापुढे कडक उपास, पपई आणि ताक, बस. आणि रोज पहाटे उपवन तलावाला चकरा.

मालनबाईंना आनंद झाला. जन्मभर देवळाबाहेर चपला राखत उभा राहिलेला नवरा अखेर महादेवाला लागला होता. त्यांनी शेजारच्या मीराबाईंना सांगितलं, मीराबाईंनी वसाहतीला सांगितलं, आणि ज्यांनी आजवर त्यांना बघून फक्त दात काढले होते ते लोक पोपटरावांना चक्क नमस्कार करू लागले. पोपटरावांनाही तो गोड लागला, हे कबूल केलं पाहिजे.

वजन उतरलं. आता घराबाहेर पडायला एक थाप हवी होती, ती उज्जैननं आयतीच दिली. महाकालाच्या दर्शनाला जाऊन येतो, सुदेशराव गाडी घेऊन येताहेत, असं त्यांनी एका संध्याकाळी सांगून टाकलं. सुदेश म्हणजे जावई. त्याला कटात घेतलेलं होतं. मालनबाई म्हणाल्या, "एकटे कसे जाल? सोळा सोमवार भरतायत. उद्यापन तिथंच करू. मी येते." करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पोपटराव हो म्हणाले, दुसरं म्हणणार काय?

योगिनीसकट चौघांना घेऊन नाशिक, धुळं, इंदूर करत गाडी निघाली. मालनबाईंच्या मांडीवर चुरम्याच्या लाडवांचा डबा होता. दर तासाला त्या एक लाडू नवऱ्यापुढे करत आणि नवरा तो मायेनं जावयाला देई. पोपटराव एकोणनव्वदवर येऊन थांबले होते. एक लाडू इकडचा तिकडे झाला तरी सोळा सोमवार पाण्यात गेले असते. सुदेशचं पोट मात्र सेंधव्याच्या घाटातच बिघडलं.

पोहोचल्यावर सकाळी, पेट्रोल भरून येतो असं सांगून बापलेक धावपट्टीवर गेले. वारा जोराचा होता आणि उड्या बंद होत्या. योगिनी म्हणाली, "बाबा, पोपट झाला." पण आलोच आहोत तर बघू, म्हणून पोपटराव तिथल्या शिकवणाऱ्या सौमित्रपाशी बसले. तो नाशिकचा, फौजेतून आलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं सगळं उघडून दाखवलं. मोठी छत्री, ती नाही उघडली तर दुसरी राखीव, आणि माणूस ठरावीक उंचीच्या खाली वेगानं पडतच राहिला तर राखीव छत्री आपोआप उघडणारं एक यंत्र. पोपटरावांना तर घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. लिफ्टमध्ये वेग हाताबाहेर गेला की आपोआप ब्रेक दाबणारा गव्हर्नर असतो, त्याचाच हा भाऊ. मग धोका नाहीच की, असं ते म्हणाले, तर सौमित्रनं मान हलवली. "धोका आहे काका. कमी आहे, पण आहे. नाही म्हणणाऱ्याबरोबर कधी उडी मारू नका."

हे शब्द पोपटरावांच्या डोक्यात घुसले. धोका आहे हे हा परका माणूस आपल्याला तोंडावर सांगतो, आणि आपण मात्र सख्ख्या बायकोला पेट्रोल भरायला जातो म्हणून सांगतो. पुन्हा आपलं तेच, पट्टा बांधलेला आणि आकडा मोकळा.

दुपारी उद्यापनाची पूजा होती. गुरुजींनी विचारलं, व्रत कुणाचं? मालनबाई म्हणाल्या, "दोघांचं." पोपटरावांनी वळून बघितलं. सोमवारी ते भल्या सकाळी कामावर जात आणि रात्री पपई खाऊन झोपत; मागं बायको जेवते की नाही हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ते कडक उपासाला लागले त्याच्याही आधीपासून, पहिल्या सोमवारापासून, त्यांच्याबरोबर तीही उपाशी. निदान खिचडीवर. गुरुजींनी संकल्प विचारला, तेव्हा त्या खाली मान घालून म्हणाल्या, "यांना आयुष्य मिळू दे. दुसरं काय मागणार?"

पोपटरावांना त्या दिवशी प्रसादाचा लाडू गिळवला नाही. स्वतःची एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या पायरीवर चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं, शहाण्णव किलोपासून पेट्रोलपर्यंत. मालनबाईंनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि म्हणाल्या, "कुठंय ते विमान? दाखवा मला."

वारा पडला होता. धावपट्टीवर पोरापोरींची गर्दी, कुणी हसतंय, कुणी पांढरंफटक. पोपटराव बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "मालन, सुटली म्हण. नाही म्हणालीस तर आत्ता गाडी फिरवू. परत नाव काढणार नाही, रुसणारही नाही." हे शेवटचं थोडं खोटं होतं, पण बाकीचं मनापासून होतं. मालनबाई तडक सौमित्रपाशी गेल्या.

"दादा, ह्यांना तुमच्याच अंगाला बांधणार ना?"

"हो मावशी."

"तुम्हाला मुलं किती?"

"दोन. धाकटी आत्ता बालवाडीत गेलीय."

मालनबाईंनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग त्या नवऱ्यापाशी आल्या. तोवर पोपटरावांच्या खांद्यांना आणि मांड्यांना पट्टे चढवले होते. त्या पट्ट्यांचा एकेक आकडा त्यांनी हातात धरून खेचून बघितला, वरपासून खालपर्यंत, डोंबिवलीचा राग काढल्यासारखा. शेवटचा खेचून झाल्यावर त्यांचा हात थोडा वेळ तिथंच राहिला.

"सुटली," त्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवून जाऊन बसल्या.

विमान छोटं होतं आणि आवाज मोठा. ते वर वर जात राहिलं आणि पोपटराव खिडकीला नाक लावून बसले, कारण निदान इथं खिडकी होती. मग दार उघडलं. थंड वारा आत शिरला. पाय बाहेर सोडले तेव्हा त्यांना स्वच्छ कळलं की आपल्याला भीती वाटतेय, खरीखुरी, खड्ड्यात पडताना वाटायला वेळच मिळाला नव्हता ती. इथं पडायच्या आधी भ्यायला सवड होती. मागून सौमित्रनं खांद्यावर थाप मारली आणि दोघं सुटले.

सुरुवातीला नुसता वारा. गाल फडफडत होते, तोंड कोरडं पडलं होतं, ओरडतोय की नाही हेही कळत नव्हतं. दोर नाही, भिंत नाही, मजला नाही. मग एक हिसका बसला, वर बघितलं तर रंगीत छत्र फुललेलं, आणि एकदम शांत झालं. खाली गव्हाची हिरवी शेतं, एक नदी, मुंगीएवढा ट्रॅक्टर. चहूकडे बघायला मोकळं. पोपटराव रडले. का रडले हे सौमित्रनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, पण फार आनंद झाला होता म्हणून रडले. मग त्यांनी मोठ्यानं विचारलं की इथून खाली बसलेला आपला गव्हर्नर दिसतो का, आणि सौमित्र इतका हसला की छत्री थोडी डुलली.

खाली सुदेशनं सगळं शूटिंग केलं होतं. पुढे बघितलं तर त्यात सगळं आभाळ होतं, फक्त सासरे नव्हते. मालनबाई डोळे मिटून बसल्या होत्या त्या योगिनीनं हलवल्यावरच उठल्या. पोपटराव गवतावर बसकण मारून उतरले, त्यांचे पट्टे सोडले, तशा त्या आल्या, डब्यातला लाडू काढून त्यांच्या तोंडात कोंबला आणि म्हणाल्या की आता खायला हरकत नाही. घरी येईपर्यंत त्या उडीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. वसाहतीला मात्र मीराबाईंकडून सगळं कळलं. नमस्कार बंद झाले. आता लोक पोपटरावांना बघून ‘पोपट उडाला’ म्हणतात, आणि हे ऐकायला ते मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी येतात.

पुढच्या सोमवारी त्यांच्या पुढ्यात भरलं ताट आलं. भाकरी, भरली वांगी, भात, वर तुपाची धार. मालनबाई समोर बसल्या, बशीत पपईच्या चार फोडी घेऊन.

"आता कसला उपास?" पोपटरावांनी विचारलं. "उद्यापन झालं की."

मालनबाईंनी बशी खाली ठेवली, कॉटखाली हात घालून काटा बाहेर ओढला आणि पदर सावरून त्यावर उभ्या राहिल्या. पोपटरावांनी वाकून बघितलं. एकोणऐंशी.

"तुम्ही पपई खात होतात," त्या म्हणाल्या, "मी खिचडी. तिथंच घात झाला."

मालनबाई काट्यावरून उतरल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याचा भाकरीनं भरलेला हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"मी पंच्याहत्तरला यायच्या आत एकटे उडालात तर तुम्हाला माझी शपथ."