झोपलेल्यांवरून गेलेली रेल्वे

खरं सांगतो, सोनगीरला मी किल्ला बघायला गेलो नव्हतो. योगेश सुखात नाही, हे डोळ्यांनी बघायला गेलो होतो.

योगेश माझा शाळेतला मित्र. दोघंही दहावीत अडकलो. मी जळगावात नंबरप्लेट आणि दुकानांच्या पाट्या रंगवतो. रद्दीत मला अमेरिकेतली एक कादंबरी मिळाली होती, मराठीत आणलेली. ओसाड माळ, तंबूंची गावं, रोज थोडा पुढे सरकणारा रूळ. पाच वेळा वाचली, मग योगेशला दिली. पुढे धुळ्याकडच्या नव्या रेल्वेमार्गावर माणसं हवीत असं कळलं. त्याचा अर्ज मीच लिहून दिला, एकही चूक न करता; तो सोनगीरजवळ कामाला लागला. स्वतःचा लिहायला बसलो तेव्हा साप, ऊन, परकी माणसं असं सगळं आठवलं आणि पेन खाली ठेवलं.

जळगावहून एसटीने एरंडोल, पारोळा करत अडीच तासांत धुळे. भाडं दोनशेच्या आत. सकाळी डाव्या खिडकीला बसू नका, ऊन लागतं. धुळ्यात शेवभाजी खावी, पण तिखट कमी हवं असेल तर आधीच सांगावं. मी दोनदा सांगितलं, तरी कान तापले. तिथून आग्रा रोडने सोनगीर अर्ध्या तासावर. गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांची ठोकाठोक ऐकू येते. किल्ल्यावर पाणी मिळत नाही, सोबत न्या. वरून रुळांसाठी टाकलेला मातीचा लांबच लांब भराव दिसला. अगदी पुस्तकातला.

खाली पत्र्याच्या खोल्यांपाशी योगेश भेटला. काळा पडला होता, वाळला होता, आणि हसत होता.

"आलास? मला वाटलं, पारोळ्याहूनच परत फिरशील."

जेवणाच्या सुट्टीत सगळे कडुलिंबाखाली बसले. कळण्याची भाकरी, ठेचा. योगेशने माझं पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचू लागला. रोज वाचतो म्हणे. माणसं घास हातात धरून ऐकत होती. माझं पुस्तक, आणि माना त्याच्याकडे वळलेल्या!

मुकादम नाना माझ्याकडे वळले. "तूच शे का तो पुस्तकवाला? ते झोपेलवालं वाक्य तुले आवडस ना?"

सगळे हसले. ते वाक्य असं: 'मजूर झोपलेल्यांवर रूळ टाकत पश्चिमेला निघाले.' काम करता करता मेलेली, तिथेच पुरलेली माणसं, असा मी अर्थ लावला होता. दुकानाच्या भिंतीवर ते निळ्या रंगात रंगवलंही होतं.

योगेशने समोर रुळाखाली आडव्या टाकलेल्या सिमेंटच्या तुळयांकडे बोट दाखवलं. "अरे, यांना स्लीपर म्हणतात! भाषांतर करणाऱ्याने त्यांनाच झोपवलं."

"आठे आम्हले दुपारले बी कोनी झोपू देत नही," नाना म्हणाले, "आन तुन्हा पुस्तकमा बठ्ठा झोपेल शेतस!"

मीही हसलो. हसावंच लागलं. पाच वेळा वाचून मला जे कळलं नाही, ते शुद्धलेखनात कायम नापास होणाऱ्याला एका दिवसात कळलं होतं.

निघताना नाना म्हणाले, "आमना पेंटर पळी गया. खांबांवर नंबर टाकाना शेतस. येशी का?" आणि साइटवरच्या फोनचा नंबर लिहून दिला.

मी तोंड उघडायच्या आत योगेश म्हणाला, "तो नाही यायचा, नाना. घाबरट आहे."

प्रेमानेच म्हणाला. परतीच्या एसटीत तेच शब्द जळगावपर्यंत सोबत होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. भिंतीवरचं 'झोपलेल्यांवर' पुसून तिथे 'स्लीपरवर' लिहिलं. ली दीर्घ, दोनदा तपासून. वाक्य अगदी साधं झालं. तरी वाचलं की योगेशच्याच आवाजात ऐकू येत होतं.

मग अर्ज लिहिला. साप अजून होतेच, ऊनही. दुपारी नानांनी दिलेल्या नंबरवर फोन लावला. योगेशनेच उचलला.

"काय रे, पोचलास का नीट?"

मी म्हणालो, "नानांना दे."