बाबांच्या लेथला घातलेला हार

आज खंडेनवमी. सकाळी सोसायटीखालच्या गॅरेजवाल्याने पान्यांना झेंडू वाहिलेला बघितला आणि मी मनाने थेट ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या बाबांच्या कंपनीच्या गेटवर जाऊन पोचले... नव्वदच्या आसपासची गोष्ट, मी तेव्हा सातवीत.

बाबा टर्नर, लेथ मशीन चालवायचे. कंपनीला टाळं लागून वर्ष झालेलं, पण हा माणूस रोज गेटसमोर जाऊन बसायचा. मामा कल्याणला भाजीच्या गाळ्यावर बोलवत होता, आई रडून सांगत होती, घरातली डाळ पातळ होत होत नुसतं पाणी उरलेलं... यांचं आपलं एकच, "उद्या गेट उघडलं आणि मी जागेवर नसलो तर?" इतका राग यायचा ना मला!

त्या खंडेनवमीला बाबा पूजेच्या ताटात नारळ, हार आणि हळदकुंकू घेऊन निघाले, मीही मागे गेले. आपल्या लेथची पूजा त्यांनी एकही वर्ष चुकवली नव्हती. वॉचमनच्या अगदी हातापाया पडले, तेव्हा कुठे तो म्हणाला, "पाच मिनटं. तुम्ही आणि पोरगी, बस्स."

आत शेड रिकामी... बाबांची लेथ होती तिथे जमिनीतून वर आलेले चार बोल्ट आणि तेलाचा काळा डाग. सगळ्या मशिनी मागच्या गेटने कधीच गेलेल्या.

बाबा खाली बसले. त्या चार बोल्टांभोवती हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मला वाटलं, आता रडतील... नाही रडले.

बाहेर कंपनीतले पंधरा-वीस कामगार ताटकळत होते. आमच्या शेजारचे पवारकाका पुढे आले. "काय रे, मशिनी कशा आहेत?"

बाबांनी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. "आहेत रे. धूळ बसलीय, एवढंच."

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, बाबा मामाच्या गाळ्यावर कामाला लागले. पवारकाका मात्र पुढचं अख्खं वर्ष गेटवर बसून राहिले... पोरांची शाळा सुटली. काकू माहेरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

बाबा रोज कल्याणहून येताना पवारांच्या दाराला भाजीची पिशवी अडकवायचे. कडी न वाजवता, खाली मान घालून.

आज बाबा नाहीत. मोठी झाल्यावर त्यांच्या त्या खोटेपणावर मी खूप चिडलेय, तोंडावर बोललेयसुद्धा... पण खरं सांगू? त्या दिवशी प्रसादाचं ताट माझ्याच हातात होतं. पवारकाकांनी माझ्याकडेही बघितलं होतं, आणि मी मान डोलावली होती.