सर माझ्याशी बोलले, ती चाळीस मिनिटं

हे लिहू की नको यात माझे बरेच महिने गेले. एक तर मी वकील आहे, आणि ज्याला पुरावा नाही ते बोलायचं नाही ही आमची सवय. दुसरं म्हणजे मी अगदी लहानपणापासूनची शंकेखोर. माढ्याला आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी पुढे जाऊन प्रश्न विचारायचे आणि आईची बोलणी खायचे. त्यामुळे वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. जे झालं ते, जसं झालं तसं सांगते. नावं बदलली आहेत.

मी सोलापुरात एलएलबी केलं. आमच्या कॉलेजात एक ज्येष्ठ वकील दर शनिवारी यायचे. पगारी शिक्षक नव्हेत, आपणहून यायचे. लायब्ररीत बसून, ज्यांना पुढे कुठे अर्ज करायचेत त्यांचे कागद बघायचे. त्यांना मी इथे नुसतं सर म्हणते. सोलापूरच्या पूर्वभागातल्या विणकर घरातले, घरी तेलुगू बोलणारे, पण मराठी असं की कोर्टात समोरचा वकील शब्द जपून वापरायचा. पोरं घाबरायची त्यांना. मी पण.

मला सॉलिसिटर व्हायचं होतं. त्यासाठी मुंबईच्या एखाद्या सॉलिसिटर फर्ममध्ये आर्टिकलशिप करावी लागते, म्हणजे काही वर्षं तिथे काम करत शिकायचं आणि मग परीक्षा. पण आधी तिथे कुणी आत घ्यायला पाहिजे ना. मी सोलापुरातच एका वकिलांकडे ज्युनिअर होते आणि अर्ज पाठवत होते. पाच ठिकाणांहून नकार आले. त्यातल्या दोघांनी तर उत्तरही दिलं नाही, तोही नकारच. सहाव्या अर्जाची मुदत जवळ आली तेव्हा वाटलं, सरांना एकदा दाखवावा. ते आजारी आहेत एवढं कानावर होतं. पडले होते, चालता येत नाही, असं कुणीतरी कोर्टात म्हणालं होतं. यापलीकडे मला काहीही माहीत नव्हतं. हे महत्त्वाचं आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. दुपारचे दोन वाजून गेले असतील. सोलापूरचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. सरांचं घर अशोक चौकाच्या पुढे एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी वीज गेली होती, त्यामुळे आजूबाजूचे यंत्रमाग बंद होते आणि गल्ली एकदम गप्प. जिना चढून वर गेले तर दार नुसतं लोटलेलं. मी हाक मारली. आतून आवाज आला, "ये, बस."

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला. मी पाया पडले आणि कशाला आलेय ते सांगितलं. म्हणाले, वाच.

मी अर्ज वाचायला लागले. पहिलंच वाक्य होतं — मला लहानपणापासून न्यायाची ओढ आहे. सरांनी तिथेच थांबवलं. हे सगळेच लिहितात, म्हणाले, काढ. नंतर मी लिहिलं होतं की इंटर्नशिपमध्ये जमिनीचे दावे हाताळले. सरांनी विचारलं, हाताळले म्हणजे काय केलंस? मी जरा अडखळले. खरं तर मी कागदांना पान नंबर घालत होते आणि नक्कल विभागाच्या रांगेत उभी राहत होते. तसं सांगितलं. मग तेच लिही, म्हणाले. रांगेत उभी राहून काय दिसलं तुला? तेव्हा मला आठवलं की एका खरेदीखतातला गट नंबर आणि सातबाऱ्यावरचा गट नंबर जुळत नव्हता, आणि ते आधी माझ्याच लक्षात आलं होतं. सर म्हणाले, "हा तुझा अर्ज. बाकी सगळी सजावट आहे."

असं चाळीस मिनिटं चाललं. मी घड्याळ बघितलं होतं, कारण तीनला मला कोर्टात पोचायचं होतं. एका विषयात मी नापास झाले होते आणि ते अर्जात कुठेच येऊ दिलं नव्हतं. सर म्हणाले, एका ओळीत सांग, कारणं देऊ नको. मराठी मीडियमची जी लाज बाळगतेस तीही काढून टाक. मुंबईच्या त्या मोठ्या ऑफिसात जमिनीचा जुना फेरफार वाचून दाखवणारी किती माणसं असतात, विचार कर. मग माझ्या पत्रातलं फर्मचं नाव बोटाने झाकायला लावलं आणि विचारलं, आता हे पत्र कुणाला लिहिलंय ते ओळखू येतं का? येत नव्हतं. सहाही ठिकाणी तेच पत्र चाललं असतं. मग म्हणाले, मुलाखतीत उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, बघून सांगते" म्हणायचं, आणि मग खरंच बघून दुसऱ्या दिवशी कळवायचं. आणि नकार आला तर त्याच दिवशी काही लिहायला बसायचं नाही.

आवाज थकलेला होता, संथ होता. पण स्पष्ट. एकही शब्द अडला नाही. ते सांगत होते आणि मी पेन्सिलीने माझ्याच कागदावर लिहून घेत होते.

शेवटी म्हणाले, झोपतो आता. मी उठले. दारापर्यंत गेल्यावर मागून त्यांनी काहीतरी विचारलं. तेलुगू होतं. मला तेलुगू येत नाही, पण विचारलं एवढं कळलं. मी आपलं "हो सर" म्हणाले आणि बाहेर पडले.

जिन्यात ताई भेटल्या. अनुराधाताई, सरांची मुलगी. वय पंचेचाळीसच्या आसपास, शाळेत शिकवतात. हातात औषधांची पिशवी होती. मी आनंदात होते. म्हटलं, ताई, सरांनी किती छान सांगितलं, चाळीस मिनिटं बोलले माझ्याशी.

ताई जिन्यातच थांबल्या. "कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

सर, मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की मी काहीतरी भयंकर बोलून बसलेय. सरांना अर्धांगाचा झटका येऊन अकरा महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचा पूर्ण गेली होती. अकरा महिन्यांत सरांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. पाणी हवं तरी नुसता घशातून आवाज यायचा.

आम्ही दोघी वर गेलो. सर खुर्चीत जागेच होते. ताईंनी पिशवी तिथेच टाकली आणि त्यांच्यासमोर खाली बसल्या. त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हणाल्या, "नाना... बोला ना. एकदाच."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलले. घशातून तोच आवाज आला, अं... अं... आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ताईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच. मी भिंतीला टेकून उभी होते. ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तू जा आता. थट्टा करायला दुसरं घर मिळालं नाही का? मी जिना उतरले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. घरी ये म्हणाल्या.

झालं असं होतं की सरांकडे दिवसभर एक मावशी असायच्या, सांगोल्याकडच्या. त्या दुपारी त्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. ताईंनी त्यांना खोदून विचारलं होतं. मी गेल्यावर माझ्यासमोर परत विचारलं. मावशी म्हणाल्या, "बाप्याचा आवाज येत हुता की. मला वाटलं टीव्ही लागलाय." ताई म्हणाल्या, वीज नव्हती ना मावशी? मावशी म्हणाल्या, "व्हय की. न्हवती." सरांचाच आवाज होता का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, मी कामाला लागले तवापास्नं सर मुकेच हायत, त्यांचा आवाज मी कुटं ऐकलाय.

डॉक्टरांनाही ताईंनी विचारलं. मला सोबत नेलं होतं. ते म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून कधी अचानक एखादा शब्द येतो, शिवी येते, म्हटलेलं भजन येतं. पण चाळीस मिनिटं मुद्देसूद बोलणं आणि परत काहीच नाही, असं आपण तरी पाहिलं नाही. मग मला हळूच विचारलं, झोप लागते ना? नोकरीचं टेन्शन होतं का? होतं. मी नाही म्हटलं नाही. मला भास झाला असेल, हेही मी मनात कितीदा मांडून बघितलंय. पण मग कागदावर जे लिहिलं होतं ते माझ्या डोक्यात आधी कुठे होतं? ते असतं तर पाच नकार आले असते का?

डॉक्टरांकडून घरी आल्यावर ताईंनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. शेवटी त्या तेलुगू प्रश्नाशी आले. अर्थ माहीत नव्हता, पण कानात राहिला होता. तसाच म्हणून दाखवला — तिन्नवा, तल्ली?

ताईंनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "जेवलीस का बाळा, असं विचारलंय. मला विचारायचे. रोज, कोर्टातून आल्यावर."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी कॉलेजात कुणालाच माहीत नव्हती. ताईंनीही एलएलबी केलेलं होतं. सनद घ्यायची होती, आणि वडिलांकडेच ज्युनिअर म्हणून बसायचं होतं. रीतसर अर्ज लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला होता, गंमत म्हणून नव्हे, मनापासून. सर म्हणाले, माझ्याकडे नाही, बाहेर दुसऱ्याकडे शीक, घरच्या माणसाला मी शिकवू शकणार नाही. अर्ज वाचलाही नाही. ताईंनी हट्टाने दुसरीकडे अर्ज केलाच नाही. बी.एड. करून शाळेत लागल्या. वीस-बावीस वर्षं एका घरात राहून त्या विषयावर दोघं एक शब्द बोलले नाहीत.

माझ्या तोंडून निघून गेलं, ताई, मग कदाचित त्यांना वाटलं असेल की तुम्हीच...

ताई म्हणाल्या, तसं काही नाही गं, आमच्यात म्हातारी माणसं सगळ्याच मुलींना तल्ली म्हणतात. आणि उठून आत गेल्या. आत भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. सर खिडकीतून बाहेर बघत होते.

एकदा, फक्त एकदाच, ताईंनी सरळ विचारलं. माझं नाव घेतलं का त्यांनी? मला खोटं बोलता आलं असतं. साधं होतं. त्या दुपारी खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. पण ताई शिक्षिका आहेत, समोरचा बनवून सांगतोय हे त्यांना कळलं असतं आणि मग बाकीचंही सगळं खोटं ठरलं असतं. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं. ते बरं मला अजून ऐकू येतं.

सर त्याच मे महिन्यात गेले. तोपर्यंत ताई रोज दोन तास समोर बसून बोलायच्या त्यांच्याशी. विचारायच्या, हट्ट करायच्या, एकदा तर माझा जुना अर्ज घेऊन त्यांच्यापुढे मोठ्याने वाचला. काही नाही. शेवटपर्यंत एक शब्द नाही.

त्या सहाव्या फर्ममध्ये माझी निवड झाली. मुलाखतीत त्यांनी त्या गट नंबरबद्दलच विचारलं, वीस मिनिटं. पत्र आलं तेव्हा मी पेढे घेऊन आधी ताईंकडे गेले. त्यांनी मला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. पण मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. जे माझ्या वाट्याला आलं ते त्यांचं होतं, असं वाटतं मला. मी मागितलं नव्हतं. पण घेतलं तर मीच ना?

आता मी मुंबईला असते. सोलापूरला आले की ताईंकडे जाते. त्यांनी एक दोनशे पानी वही केली आहे. त्यात ती चाळीस मिनिटं उतरवून काढली आहेत. मी बोलायचं आणि त्यांनी लिहायचं. अर्जाचं पहिलं वाक्य काढ. एका ओळीत सांग, कारणं देऊ नको. नकार आला तर त्याच दिवशी लिहू नको. एखाद्या वकिलीच्या उमेदवाराला उपयोगी पडेल असलं रुक्ष बोलणं, आणि ताई ते जीव लावून लिहितात, कारण वडिलांचं शेवटच्या वर्षातलं तेवढंच बोलणं आहे. दर वेळी म्हणतात, परत पहिल्यापासून सांग.

त्या दुपारी काय झालं ते मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. कुणी म्हणतं ते सर नव्हतेच, कुणी म्हणतं तुझं मन होतं. मला कुठलंच पटत नाही.

मागच्या दिवाळीत गेले तेव्हा ताई वही घेऊन बसल्या होत्या. मला विचारलं, त्या वेळी नानांनी चष्मा घातला होता का गं? मी खूप आठवून बघितलं. आठवेना. इतक्या वेळा सांगून सांगून आता मला त्यांचा चेहराच नीट दिसत नाही, फक्त माझी वाक्यं ऐकू येतात. ताई, नाही आठवत, म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, आणि वहीत तेवढी एक ओळ कोरी सोडून पुढे लिहायला घेतलं.